कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमात येतात. बरं, मग पुढे?

पर्णरंध्र (धागाकर्ता)

‘कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं खाद्यच, तो वाढला तर पिकं जोमात येतील, मग एवढी ओरड कशाला?’ हा मुद्दा इथे दर दोन धाग्यांआड अवांतर म्हणून येतो, चार टोले-प्रतिटोले होतात आणि मूळ विषय भरकटतो. म्हणून त्याला स्वतंत्र जागा करून देतोय. मुद्दा चुकीचा नाहीच. अर्धवट आहे, आणि राहिलेला अर्धा भागच जास्त रंजक आहे.

आधी थोडे आकडे. औद्योगिकीकरणाच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे साधारण २८० भाग होते (यापुढे नुसतं पीपीएम म्हणतो). १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे रोजची मोजणी सुरू केली तेव्हा आकडा ३१५च्या आसपास होता. आज तो ४२०च्या पुढे गेलाय. उलट्या दिशेला पाहिलं तर हिमयुगाच्या ऐन भरात तो १८०पर्यंत उतरला होता. म्हणजे आजची झाडं लाखो वर्षं टंचाईत घडली आहेत. जास्त कार्बन मिळाला की ती हात धुऊन घेणार, यात नवल नाही.

पण सगळी झाडं सारखी हात धुऊन घेत नाहीत. हवेतला कार्बन पकडण्याचं काम पानात रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) करतं. पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या अन्नाच्या मुळाशी हेच विकर आहे आणि कामात ते कमालीचं गबाळं आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते बऱ्याचदा ऑक्सिजनच पकडतं. मग ती चूक निस्तरण्यात झाडाची ऊर्जा जाते आणि आधी कमावलेला कार्बनही थोडा सुटून जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. उन्हाच्या दिवसांत काही पिकांची पाव हिस्सा कमाई यातच जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की रुबिस्कोच्या अशा चुका कमी होतात. ‘जोमात येतात’ म्हणतात त्यातला मोठा भाग हा.

गहू, भात, सोयाबीन, कापूस, हरभरा, भुईमूग, बटाटा, जवळजवळ सगळे वृक्ष, हे या गटातले. यांना सी-३ म्हणतात. दुसरा गट सी-४ : मका, ज्वारी, बाजरी, ऊस. मक्याच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय कुणी? शिरेभोवती फुगीर, गडद हिरव्या पेशींचं कडं असतं आणि त्याला लगटून बाहेर दुसऱ्या पेशींचं कडं. बाहेरच्या पेशी दुसरं, चोख काम करणारं विकर वापरून कार्बन पकडतात, त्याचं चार कार्बनांचं आम्ल करतात आणि आतल्या कड्यात नेऊन सोडतात. रुबिस्को तिथे आत बसलेलं. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड इतका दाट होतो की ऑक्सिजन पकडायला फारसा वावच राहत नाही. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करून ही वाट उलगडली.

थोडक्यात, मक्याने आपली सोय आधीच करून ठेवली आहे. त्याला बाहेरच्या वाढीव कार्बनचं अप्रूप नाही.

दुसरा परिणाम पाण्याचा. (माझं सदस्यनाम उगाच नाही!) पानावरची सूक्ष्म रंध्रं उघडली की कार्बन आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. कार्बन मुबलक असेल तर रंध्रं कमी उघडूनही भागतं, म्हणून पाणी वाचतं. हा फायदा मात्र दोन्ही गटांना होतो, म्हणूनच पाण्याचा ताण पडलेल्या मक्याला वाढीव कार्बनचा उपयोग झालेला दिसतो. भरपूर पाण्यात नाही.

इथवर सगळं ‘झाडांचं खाद्य’वाल्यांच्या बाजूचं लिहिलंय. आता या जादा कार्बनचं पुढे काय होतं, तो कुणाच्या वाट्याला जातो, यावर चर्चा व्हावी.

शंकासूर

चला, निदान सुरुवात तरी प्रामाणिक आहे. मग मीही सरळच विचारतो. हरितगृहवाले मुद्दाम नळ्या लावून कार्बन डायऑक्साइड सोडतात, ८०० ते १००० पीपीएमपर्यंत नेतात आणि टोमॅटो-काकडीचं उत्पादन वाढतं. ते काय वेडे आहेत? दुसरं, २०१६ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून निष्कर्ष आला की १९८२पासून पृथ्वीच्या वनस्पतींखालच्या जमिनीपैकी पाव ते अर्ध्या भागावर हिरवाई वाढलीय, आणि त्यातला ७० टक्के वाटा कार्बन डायऑक्साइडचा. हे नासासकट सगळ्यांनी सांगितलेलं आहे. हिरवाई वाढतेय आणि तरी रडगाणं?

खुरपं

वाचतोय. तणांचं कुणीतरी लिहा. पीक जोमात येईल तर तण काय उपाशी बसणार आहे का?

पर्णरंध्र

@शंकासूर, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हरितगृहाचं आधी घेतो.

हरितगृहात नत्र, स्फुरद, पालाश मोजून दिलेलं असतं. पाणी मोजून, तापमान हातात, तण नाही, कीड जवळपास नाही. म्हणजे कार्बन सोडून बाकी सगळं पोटभर आहे. अशा ठिकाणी कार्बन वाढवला की उत्पादन वाढणारच, कारण तेवढ्याच एका गोष्टीची कमतरता उरलेली असते. उघड्या शेतात कमतरता कशाची असेल ते जमीन आणि पाऊस ठरवतात.

हा फरक मोजलेला आहे. सुरुवातीचे बहुतेक प्रयोग बंदिस्त कक्षांत, कुंड्यांत झाले. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून शास्त्रज्ञ उघड्या शेतात गेले. या पद्धतीचं इंग्रजी संक्षिप्त नाव ‘फेस’ (FACE). शेतात उभ्या पिकाभोवती साधारण वीस मीटर व्यासाचं नळ्यांचं कडं उभारतात. नळ्यांना बारीक भोकं. मध्यभागी वाऱ्याची दिशा आणि वायूचं प्रमाण मोजणारी यंत्रं. वारा ज्या बाजूने येतोय तेवढ्याच बाजूच्या नळीतून वायू सोडतात, तो पिकावरून वाहत पलीकडे जातो. वारा फिरला की झडपा फिरतात. डोक्यावर छत नाही, भिंत नाही, ऊन-पाऊस-कीड सगळं खरं. ॲरिझोनात कापूस-गहू, इलिनॉयमध्ये सोयाबीन-मका, जपान आणि चीनमध्ये भात, ऑस्ट्रेलियातल्या हॉर्शमला कोरडवाहू गहू, असे हे प्रयोग झाले.

२००६ मध्ये स्टीफन लाँग आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी मांडले. साधारण ५५० पीपीएमला बंदिस्त कक्षांत गहू आणि सोयाबीनची वाढ ३०-३२ टक्के निघत होती. उघड्या शेतात ती १३-१४ टक्के निघाली. निम्म्याहूनही कमी. मक्याला, पाण्याचा ताण नसताना, शून्य.

१३ टक्के काही कमी नाहीत, हे मीच आधी म्हणतो. पण भविष्याची गणितं बराच काळ जुन्या तिशीच्या आकड्यावर मांडली गेली होती.

रानवारा

हिरवाईबद्दल मी लिहितो, कारण माझा विषय जंगल.

उपग्रहाला पानं दिसतात. पानांचं क्षेत्र वाढलं एवढंच तो सांगू शकतो. दाणा भरला का, खोडात लाकूड साठलं का, हे त्याला कळत नाही. शिवाय २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवलं की अलीकडच्या हिरवाईतला मोठा वाटा चीन आणि भारताचा आहे, आणि तो बराचसा शेतीमुळे, वृक्षलागवडीमुळे, म्हणजे माणसाने जमीन वापरण्याची पद्धत बदलल्यामुळे आहे.

जंगलातले ‘फेस’ प्रयोग जास्त बोलके आहेत. अमेरिकेत ओक रिजला स्वीटगम झाडांच्या लागवडीवर प्रयोग झाला. पहिली काही वर्षं वाढ २४ टक्क्यांनी जास्त. २००८ येईपर्यंत ती ९ टक्क्यांवर आली. कारण जमिनीतलं नत्र पुरेना. दुसरीकडे ड्यूक विद्यापीठाच्या पाइन जंगलात वाढ टिकून राहिली. तिथल्या झाडांच्या मुळांवरच्या बुरशीने जुन्या पालापाचोळ्यातून जादा नत्र काढून दिलं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे झाडाला वाढीव कार्बन फळणार की नाही ते त्याच्या मुळाशी कोण नांदतंय यावरही अवलंबून.

तिसरं उदाहरण सिडनीजवळचं. नव्वदेक वर्षांचं निलगिरीचं जंगल, स्फुरदाने गरीब जमीन, २०१२पासून प्रयोग सुरू. चार वर्षांत झाडांनी १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला. लाकूड किती वाढलं? जवळजवळ काहीच नाही. घेतलेला कार्बन बराचसा मुळांवाटे मातीत गेला आणि मातीतल्या जिवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत आला. झाडांनी तो सूक्ष्मजीवांना देऊन बदल्यात स्फुरद मागितलं, पण मातीत तेच नव्हतं तर देणार कुठून.

शंकासूर

म्हणजे खत घातलं की प्रश्न मिटला? जंगलाला कुणी खत घालत नाही, शेताला घालतात.

पर्णरंध्र

घालतात त्यांचा बराचसा मिटतो. ज्यांना पुरेसं परवडत नाही त्यांचा नाही. आणि खत घालूनही एक अडचण उरते. अर्नोल्ड ब्लूम यांच्या गटाने २०१० मध्ये गव्हात आणि एका प्रयोगवनस्पतीत दाखवलं की वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये पानांची नायट्रेट वापरण्याची क्षमताच मंदावते. ज्या प्रकाशश्वसनाला आपण वर ‘नासाडी’ म्हटलं, त्याचा नायट्रेटपासून प्रथिनं बनवण्याशी संबंध लागतो. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण ‘खत घाला, मोकळे व्हा’ इतकं ते सरळ नाही.

झाड स्वतःही हात आखडतं. साखर खपत नसेल तर पान रुबिस्को कमी बनवायला लागतं. शेंगा, कंद, दाणे असा माल ठेवायला जागा असेल तर कार्बनचा फायदा टिकतो. जागा नसेल तर पहिल्या काही आठवड्यांचा उत्साह ओसरतो. कडधान्यांचं त्यातल्या त्यात बरं. जादा साखर मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना देऊन ती स्वतःचं नत्र मिळवतात.

बीजांकुर

नुसती वाचक होते, पण रानवारा यांच्या प्रतिसादावर एक पुस्ती जोडायलाच हवी. सी-३ ला फायदा आणि सी-४ ला नाही, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य एका प्रयोगाने चांगलंच हलवलंय. मिनेसोटात सीडर क्रीक इथे गवतांच्या वाफ्यांवर वीस वर्षं वाढीव कार्बन सोडला. पहिली बारा वर्षं अगदी पुस्तकाप्रमाणे : सी-३ गवतं २० टक्क्यांनी जास्त, सी-४ जैसे थे. पुढच्या आठ वर्षांत पारडं फिरलं. सी-४ गवतं २४ टक्क्यांनी वर आणि सी-३ किंचित खालीच. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मातीतून नत्र मोकळं होण्याचा वेग दोन्ही प्रकारच्या वाफ्यांत उलटसुलट बदलत गेला, हे एक कारण दिसतं.

दोन-तीन हंगामांच्या प्रयोगावरून ठाम बोलणाऱ्यांनी (दोन्ही बाजूंच्या) हे लक्षात ठेवावं. तेराव्या वर्षाच्या आधी हा प्रयोग थांबवला असता तर निष्कर्ष नेमका उलटा छापला गेला असता.

खुरपं

तणांचं कुणी मनावर घेत नाही असं दिसतंय, म्हणून मीच सुरू करतो. कृषी पदविकेला आम्हाला शिकवलं होतं की जगातली सगळ्यांत वाईट १८ तणं काढली तर त्यातली १४ सी-४ आहेत. लव्हाळा, हराळी, पाखड, बरूगवत ही सगळी त्यातलीच. आणि पिकं बहुतेक सी-३. मग हिशोबाने कार्बन वाढला की पीक पुढे आणि तण मागे पडायला हवं. शेतात मात्र मला अशी काही चिन्हं दिसत नाहीत. बांधावर गाजरगवत कमरेला लागतं.

पर्णरंध्र

@खुरपं, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आलंय. हिशोब कागदावर बरोबर आहे. पण शेतात एका पिकाविरुद्ध एक तण असा सामना नसतो. शेतात दहा-बारा प्रकारची तणं असतात, त्यात सी-३ असतात तशीच सी-४. सोयाबीनमध्ये लव्हाळा मागे पडला तर ती जागा मोकळी राहत नाही, केना किंवा चंदनबटवा ती घेतो. आणि मका, ज्वारी, ऊस करणाऱ्यांचं काय? तिथे पीक सी-४ आणि तणांत सी-३ भरपूर. त्यांच्यासाठी हिशोब सरळ उलटा होतो.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. पीक म्हणजे एका वाणाची एकसारखी लाखो रोपं. तण म्हणजे जनुकीय खिचडी. नवी परिस्थिती आली की त्या खिचडीत कुणी ना कुणी तिला साजेसं निघतंच, बी टाकतं आणि पुढच्या हंगामात त्याचीच संख्या वाढते. अमेरिकेच्या कृषी खात्यात बरीच वर्षं काम केलेले लुईस झिस्का यांनी लागवडीचा भात आणि रानभात (भातातलंच तण, नातेवाईकच ते) यांना एकत्र वाढवून पाहिलं. दोघेही सी-३. तरी वाढीव कार्बनचा जास्त फायदा रानभातानेच उचलला. पीक निवडताना आपण बुटकं, एकसारखं, ठरल्या वेळी पिकणारं निवडत आलो. मिळेल ते ओरबाडून घेण्याची सवय आपणच मोडली, तणांची कुणी मोडली नाही.

झिस्कांचाच दुसरा प्रयोग तुमच्या जास्त कामाचा. कॅनडा थिसल नावाचं काटेरी, बहुवर्षायू तण आहे. त्यावर ग्लायफोसेट फवारलं. साध्या हवेतलं आणि वाढीव कार्बनमधलं, दोन्हीकडचं वरचं झाड वाळलं. फरक जमिनीखाली होता. जादा कार्बन मिळालेल्या रोपांनी तो मुळांत घातला होता. मुळं इतकी वाढली होती की फवाऱ्याची तीच मात्रा त्यांना पुरेना, आणि वाळलेल्या झाडाच्या बुडाशी पुन्हा कोंब आले. लव्हाळ्याच्या गाठी उपटणाऱ्याला यापुढे काय ते सांगायला नको.

गाजरगवताबद्दल २०२१ मध्ये एक अभ्यास आला. गेल्या काही दशकांत हवेत जेवढा कार्बन वाढला तेवढ्यानेच त्यातलं पार्थेनिन हे विष वाढल्याचं दिसलं, आणि तेही जगभर पसरलेल्या आक्रमक प्रकारात. न पसरलेल्या प्रकारात तसं दिसलं नाही.

खुरपं

मुळांचं एकदम पटलं. वरून जळाल्यासारखं दिसतं आणि पाऊस पडला की तिथूनच फुटतं. त्याचा दोष हवेला देणार नाही, ते आधीपासूनच तसं आहे. पण आणखी वाढणार असेल तर कठीण आहे.

शिंकरे

ज्यांना तण म्हणजे फक्त शेतातला प्रश्न वाटतो त्यांच्यासाठी : रॅगवीड. युरोप-अमेरिकेत परागकणांच्या ॲलर्जीचं हे मोठं कारण. बंदिस्त कक्षांत ते २८०, ३७० आणि ६०० पीपीएमला वाढवलं. २८०च्या तुलनेत ३७०ला परागकण साधारण दुप्पट, ६००ला जवळपास चौपट. शहराची हवा मुळातच जास्त कार्बनची आणि गरम असते. बाल्टिमोरमध्ये शहरात आणि जवळच्या खेड्यात हेच तण लावून पाहिलं तर शहरातलं लवकर वाढलं, लवकर फुललं आणि जास्त पराग उधळले.

ड्यूकच्या त्याच पाइन जंगलात पॉयझन आयव्ही नावाची वेल वाढीव कार्बनमध्ये तर सुटलीच, वर तिचं खाज आणणारं तेलही जास्त जहाल झालं.

(सदस्यनाम का घेतलंय ते कळलं असेलच.)

शंकासूर

तणांचा मुद्दा मान्य. पण एकूण गोळाबेरीज करा. उघड्या शेतात १३ टक्के वाढ, त्यातून तणांचं नुकसान वजा. तरी हातात काही उरतंच ना? जगाला धान्य हवंय.

जस्तकण

हातात काय उरतं हाच माझा विषय, म्हणून आता बोलतो.

इराक्ली लोलाझे नावाचा गणिती १९९८च्या सुमारास ॲरिझोनात पीएच.डी. करत होता. तिथल्या जीवशास्त्रज्ञांनी त्याला एक कोडं सांगितलं. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर जास्त प्रकाश पाडला की शेवाळ भराभर वाढतं. त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची चंगळ व्हायला हवी, पण ते मरायला लागतात. कारण शेवाळ वाढलं तरी त्यातलं स्फुरद तेवढंच राहिलं. पोट भरलं पण अंगाला लागलं नाही. लोलाझेला प्रश्न पडला की हवेत कार्बन वाढल्यावर जमिनीवरच्या सगळ्याच झाडांचं असं होत असेल तर? २००२ मध्ये त्याने हे लेखातून मांडलं, २०१४ मध्ये जगभरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की सी-३ वनस्पतींतली खनिजं सरासरी ८ टक्क्यांनी घटतात.

त्याच वर्षी सॅम्युअल मायर्स आणि सहकाऱ्यांनी ‘फेस’ प्रयोगांतलं धान्य तपासलं, साधारण ५५० ते ५८० पीपीएमचं. गव्हात जस्त ९.३ टक्के कमी, लोह ५.१, प्रथिनं ६.३. भातात प्रथिनं ७.८ टक्के कमी, लोह ५.२, जस्त ३.३. कडधान्यांत प्रथिनं फारशी हलली नाहीत (गाठींतले जिवाणू, वर पर्णरंध्र म्हणाले तेच), पण जस्त आणि लोह तिथेही घटलं. मका-ज्वारीला विशेष धक्का नाही.

२०१८ मध्ये चीन आणि जपानमधल्या शेतांत भाताच्या १८ वाणांवर पाहिलं तर ‘ब’ गटातली जीवनसत्त्वंही उतरली होती : ब-१ सुमारे १७ टक्के, आणि फोलेट म्हणजे ब-९ तर ३० टक्के. ‘ई’ तेवढं वाढलं. नत्र असलेली जीवनसत्त्वं घटतात आणि नत्र नसलेली टिकतात, असा त्याचा साधारण कल आहे.

तुमचे १३ टक्के म्हणजे बरेचसे पिष्ट आहेत, शंकासूर. पोत्याचं वजन वाढलं, पोत्यातलं जस्त त्या मानाने वाढलं नाही.

शंकासूर

५-६ टक्क्यांनी काय होतं? माणूस थोडं जास्त खाईल.

जस्तकण

ज्याच्या ताटात दहा पदार्थ आहेत त्याला काही होणार नाही. ज्याचं निम्म्याहून जास्त पोट एकाच धान्यावर भरतं आणि जो आधीच कमतरतेच्या काठावर आहे, त्याच्यासाठी ५ टक्के म्हणजे काठावरून खाली. २०५०पर्यंत एवढ्या एका कारणाने आणखी साडेसतरा कोटी लोक जस्ताच्या आणि १२ कोटींवर लोक प्रथिनांच्या कमतरतेत जातील, असा २०१८चा अंदाज आहे. थोडं जास्त खाण्याबद्दल म्हणाल तर जस्त भरून काढायला पिष्ट खात बसणं हा उपाय डॉक्टरांना विचारून करा.

आणि खाणारे फक्त आपण नाही. स्मिथसोनियन संग्रहालयात गोल्डनरॉड या रानफुलाचे वाळवून जपलेले नमुने १८४२पासूनचे आहेत. अमेरिकेत हिवाळ्याआधी मधमाश्यांना मिळणारा हा शेवटच्या परागांपैकी एक. झिस्का आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या नमुन्यांवरचे पराग काढून तपासले. प्रथिनांचं प्रमाण तेव्हापासून साधारण एक तृतीयांशाने घसरलंय. या फुलाला कुणी संकरित केलं नाही, कुणी खत घातलं नाही. ‘पोषण घटलं ते नव्या वाणांमुळे’ हे उत्तर इथे चालत नाही.

बीजांकुर

याच धाग्यावरून किडींकडे जाता येतं. पानात नत्र कमी म्हणजे अळीला तेवढंच प्रथिन मिळवायला जास्त पान खावं लागतं. इलिनॉयच्या सोयाबीन प्रयोगात वाढीव कार्बनच्या कड्यांत किडीने खाल्लेल्या पानांचं नुकसान ५७ टक्क्यांनी जास्त निघालं. नंतर लक्षात आलं की फक्त भुकेचा प्रश्न नाही. कीड चावली की पान जो संरक्षणाचा रासायनिक संदेश पाठवतं तोच वाढीव कार्बनमध्ये मंद पडतो. जपानी भुंगेरे ती पानं खाऊन जास्त जगले आणि त्यांनी अंडीही जास्त घातली.

रानवारा

सगळे हवेबद्दल बोलतायत, उष्णतेबद्दल कुणीच नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला आणि तापमान वाढलंच नाही अशी सोय प्रयोगातल्या कड्यात असते, बाहेर नाही. २०१७ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींचे अंदाज एकत्र करून आकडे काढले : जागतिक सरासरी तापमान एक अंश वाढलं की मक्याचं उत्पादन ७.४ टक्के, गव्हाचं ६, भाताचं ३.२, सोयाबीनचं ३.१ टक्के घटतं. यात कार्बनचा फायदा धरलेला नाही. म्हणजे शंकासूर यांची वजाबाकी इथून सुरू व्हायला हवी. मक्याला तर एका बाजूला फायदा शून्य आणि दुसऱ्या बाजूला तोटा सगळ्यांत मोठा.

पर्णरंध्र

आणि या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. रंध्रं अर्धवट मिटली की पाणी वाचतं असं मी वर लिहिलं. पण पानातून वाफ जाते तेव्हाच ते थंड राहतं. वाफ कमी म्हणजे पान गरम. ‘फेस’च्या कड्यांत पिकाचा माथा साधारण अर्धा ते एक अंश जास्त तापलेला मोजलाय. एरवी किरकोळ वाटेल, पण भाताच्या लोंब्या फुलतात त्या वेळी पारा ३५च्या पुढे गेला तर पराग निकामी होतात आणि दाणे पोचट राहतात. तिथे अर्धा अंशही महाग.

पाणी वाचण्याच्या हिशोबातही गोम आहे. इलिनॉयमध्ये आठ वर्षं सोयाबीनवर हे तपासलं, कधी पावसातल्या नैसर्गिक चढउतारांवरून तर कधी पाऊस अडवून. अपेक्षा होती की कोरड्या वर्षी वाढीव कार्बनचा फायदा जास्त दिसेल. दिसला उलटा. ताण जितका तीव्र तितका फायदा कमी, शेवटी नाहीसाच. कारण पीक सुरुवातीलाच जास्त पानं काढून बसतं आणि मग तेवढ्या पानांना पाणी पुरत नाही. २०१६चा अभ्यास.

शंकासूर

ठीक. माझं म्हणणं आता असं : फायदा आहे, खरा आहे, पण हरितगृहातला आकडा शेताला लावायचा नाही आणि वजनाचा आकडा पोषणाला लावायचा नाही. एवढ्यावर मी सही करतो. ‘सर्वनाश’ म्हणणाऱ्यांवर मात्र माझा राग कायम आहे. सी-३ पिकांना कोरड्या भागात, माफक ताणाच्या वर्षी मदत होतेय हे कुणी नाकारू नये.

पर्णरंध्र

कुणी नाकारत नाहीये. हॉर्शमच्या कोरडवाहू गव्हालाही फायदा झालाच होता. प्रथिनं तेवढी कमी भरली.

खुरपं

चर्चा छान चाललीय, पण शेवटी मी पेरू काय? आणि तणाचं करू काय?

बीजांकुर

पेरायचं काय हे लगेच सांगता येणार नाही, पण दिशा आहे. भाताच्या त्या १८ वाणांत सगळ्यांची घट सारखी नव्हती, काही वाण बरेच तग धरून होते. म्हणजे निवडीला वाव आहे. अडचण अशी की पैदासकार वाण निवडतात ते आजच्या हवेत आणि मुख्यतः उत्पादनावर. पुढच्या हवेत, दाण्यातलं जस्त-लोह मोजून निवड करणं खर्चिक आहे, कारण प्रत्येक कड्याला हंगामभर टनावारी वायू लागतो. जस्त आणि लोह जास्त असलेले गहू, भात, बाजरीचे वाण नेहमीच्या पैदाशीतून आलेले आहेत, ती घट भरून काढायला त्यांचा उपयोग होईल. भातालाच सी-४ बनवण्याचाही आंतरराष्ट्रीय प्रकल्प बरीच वर्षं चालू आहे. पानाची रचनाच बदलायची असल्याने ते काम लांबणीचं आहे.

पर्णरंध्र

तणाबद्दल : एकाच तणनाशकावर विसंबू नका, विशेषतः कंद-गाठींच्या तणांसाठी. फवाऱ्यानंतर मुळातून फुटवा येतोय का ते दोन-तीन आठवड्यांनी बघा, आला तर तो लहान असतानाच कोळपणी किंवा खुरपणी करा. पुन्हा फुटताना मुळातला साठा खर्ची पडलेला असतो. पानं मोठी झाली की ती साठा परत भरतात. फेरपालटात सी-३ आणि सी-४ पिकं आलटून पालटून घेतली तर एकाच प्रकारच्या तणाला दर वर्षी मोकळं रान मिळत नाही. गाजरगवत फुलावर येण्याआधी काढा, हातमोजे घालून.

खुरपं

हातमोज्यांचं आधी सांगायला हवं होतं. बाकी लव्हाळ्यासाठी वेगळा धागा काढतो, तिथे या सगळे.